केसभर लहान

१

आमच्या छंदात एक नियम आहे. बाहेरच्या माणसाला तो सांगितला की तो आधी हसतो आणि मग हळूच विषय बदलतो. नियम असा, की मुळात जी चूक असेल ती चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवायची.

सांगते. आमच्या लहानपणी टीव्हीवर अंतराळयानांच्या मालिका लागायच्या. ती यानं म्हणजे स्टुडिओतल्या कारागिरांनी टेबलावर बांधलेली मॉडेलं. आत लाकडाचा सांगाडा, वर प्लास्टिकचे पत्रे, आणि त्यावर खेळण्यातल्या रणगाड्यांचे, आगबोटींचे, ट्रॅक्टरचे शेकडो बारीक भाग चिकटवलेले. पडद्यावर ते इंजिन वाटायचं. घाईत कुणी एखादं चाक उलटं चिकटवलं असेल, तर आम्ही आज तेच चाक शोधून आणतो आणि उलटंच चिकटवतो. गोंदाचा ओघळ असेल तर ओघळ, बोटाचा ठसा असेल तर ठसा. ज्याची नक्कल जास्त हुबेहूब, त्याची मान ताठ.

माझी मान कायमच ताठ होती. दिवसा मी एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते आणि उरलेल्या वेळात अंतराळयानं. दोन्ही कामं एकच, असं आमचे हे म्हणायचे. "लोकांच्या तोंडात खोटं बसवायचं आणि स्वतःच्या डोळ्यांत." हे म्हणजे माझा नवरा. ते मला कॅप्टन म्हणायचे. नसलेल्या जहाजाची असलेली कॅप्टन.

मी बांधत होते ते यान म्हणजे कासवीण. मालिकेत तिला भारदस्त नाव होतं, पण पोट फुगीर आणि चाल मंद, म्हणून चाहत्यांनी तिची कासवीण केली आणि तेच नाव टिकलं. मूळ मॉडेल केव्हाच मोडीत गेलं, उरले ते फोटो. घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलावर मी तिची नक्कल मूळ मापात उभी केली होती, म्हणजे एक माणूस आडवा होईल एवढी. खोलीत दुसरं सामान म्हणजे ह्यांची आरामखुर्ची. दुपारी तिथे वारा येतो. जेवण झालं की हे यायचे, कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवायचे आणि ताणून द्यायचे. कवळी अर्थात मी केलेली. ह्यांचं घोरणं आणि माझी कानस अशी आमची दुपारची मैफल चालायची.

सगळी कासवीण जमली होती. फक्त एक भाग राहिला होता.

२

तो पोटाखाली होता, शेपटीच्या जरा अलीकडे, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा. फोटोंत दिसायचा स्पष्ट, पण तो कुठल्या खेळण्यातून आला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्यातल्या दर्दी लोकांनी यावरून भांडणं केली, अबोले धरले. काहींनी ती जागा मोकळी सोडली, काहींनी ट्रॅक्टरचं काहीतरी लावून वेळ मारून नेली. आमच्या मंडळातले सर्वांत जुने म्हणजे भिंगवाले. सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, आता घरी बसून यानं बांधतात. ते मला म्हणाले होते, "बाई, तो भाग सोडा. काही गोष्टी नाही सापडत."

मला कुणी 'सोडा' म्हटलं की माझं डोकं फिरतं. माहेरी म्हणायचे, ही पोरगी आडवाटेने जाईल पण मागे फिरणार नाही. सापडत नाही ना? मग घडवते. कवळीचं मेण घेतलं, फोटो समोर टांगले, आणि दातांची वळणं कोरायच्या सुऱ्यांनी तो भाग कोरायला बसले.

कोरताना एक गोष्ट जाणवली. यंत्राच्या भागाला कुठेतरी एक सरळ कड असते, एक मध्य असतो. याला नव्हता. एका बाजूने कानाच्या पाळीसारखी घडी आणि दुसऱ्या बाजूला टाळूवर असतात तशा वळ्या. कवळीची आतली बाजू अशी असते, कुठल्यातरी एकाच जागी नेमकी बसण्यासाठी केलेली. तुकडा तळहातावर घेतला तेव्हा कोमट लागला. पण मेण हातात राहून कोमट होतंच. मी त्याचा साचा काढला आणि हिरड्या बनवायच्या गुलाबी प्लास्टिकमध्ये तो ओतला.

मग तो पोटाखाली चिकटवला, वर राखाडी रंग दिला. आतले दिवे लावून पाहिले. बारीक बारीक खिडक्या उजळल्या. त्यानंतर पोटाचा सांधा कायमचा बंद करून, भरून, घासून गुळगुळीत केला. जगात कुणाला जमलं नव्हतं ते मला जमलं होतं, आणि याचा मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

हे खुर्चीतून एक डोळा उघडून म्हणाले, "शिवलंस का पोट? आत कात्री नाही ना राहिली?"

"तुमची जीभ तेवढी राहिलीय," मी म्हटलं. हे पोट हलवत हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाग नखभर पुढे होता.

जिथे मी चिकटवला होता तिथे बिनरंगाचा डाग, आणि त्याच्या शेजारी तो, घट्ट. मी स्वतःला समजावलं की गोंद ओला असताना तो ओघळला असणार. वरून रंगाचा हात फिरवला. त्याच्या पुढच्या सकाळी डाग पुन्हा उघडा पडला होता, आणि भाग आता शेपटीकडे वळून बसला होता. तरी मी जुने फोटो बाहेर काढून पाहिले, म्हटलं मीच जागा चुकले असेन.

३

नंतर नळकांडी बिघडली. म्हणजे कासविणीच्या शेपटीची, जिथून आग बाहेर पडते ती.

त्यातलं एक मी जुन्या खेळण्याच्या खोक्यातून मिळवलेलं अस्सल होतं. एके दिवशी त्यावर बोट फिरवलं तर त्याची कड मऊ लागली. आता हे आमच्या धंद्यातलं गुपित नाही, साधी गोष्ट आहे. एखाद्या वस्तूचा रबरात साचा काढून त्यात रेझिन, म्हणजे पातळ प्लास्टिक, ओतलं, की वाळताना ते केसभर आक्रसतं आणि कडा मऊ पडतात. म्हणून अस्सल भाग आणि त्याची नक्कल शेजारी ठेवली की नक्कल केसभर लहान निघते. डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. माझ्या बोटांना तर झोपेतही कळेल. माझ्या यानावर माझंच अस्सल नळकांडं काढून कुणीतरी त्याची नक्कल लावली होती.

कुणी? घरात आम्ही दोघं. ह्यांना साधा खिळा सरळ ठोकता येत नाही.

"तुम्ही हात लावलात का?"

"कॅप्टन, मी तुझ्या जहाजाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. लग्नात ठरलंय तसं."

मग एकेक लक्षात यायला लागलं. चहाच्या डब्याचं झाकण डब्याच्या आत पडलं. मागच्या दाराची किल्ली कुलुपात खुळखुळायला लागली. फणीचे दात बोथट झाले. चमच्यावर कोरलेली वेलबुट्टी साबण झिजल्यासारखी पुसट झाली होती. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं, आणि मी ती कारणं मन लावून शोधत होते. डबा दुसऱ्याच झाकणाचा असेल. किल्ली झिजली असेल. चष्मा सारखा घसरत होता, म्हणून चष्मेवाल्याकडे गेले. त्याने काड्या आवळून दिल्या आणि म्हणाला, नंबर तोच आहे, नजर ठणठणीत आहे. नजर ठणठणीत आहे हे ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली.

पण सोबत रागही आला, हे खरं सांगते. कोणी का असेना, नकला काढायच्या तर नीट तरी काढाव्यात. त्या चमच्यावरची वेलबुट्टी माझ्या हाताखालच्या नवख्या मुलीनेही अशी बुजवली नसती.

४

भिंगवाल्यांचा फोन लॅबमध्ये असताना आला. मी एका कवळीला दात बसवत होते, म्हणून फोन खांद्यात धरला.

"बाई, कासविणीचे आणखी फोटो मिळालेत," ते म्हणाले. "स्टुडिओत सफाई करणाऱ्या एकाने तेव्हा काढलेले. तुम्ही तो पोटाखालचा भाग बनवलात म्हणे?"

"बनवला. बघायला या."

"लावलात का यानावर?"

त्यांच्या आवाजाने मी हातातलं काम खाली ठेवलं. "लावला. का?"

"या फोटोंत पहिले पहिले आहेत, त्यांत तो नाहीच आहे. मग मधल्या फोटोंत तो नाकाजवळ आहे. नंतर पाठीवर. आपण पाहत आलो ते सगळ्यांत शेवटचे, तिथे तो पोटाखाली आहे." फोनमध्ये फोटो उलटल्याचा आवाज आला. "बाई, तो भाग यानाचा नाहीच. ते यानावर बसलेलं काहीतरी आहे."

मी म्हटलं, माशी-बिशी असेल. ते म्हणाले, असेल. आम्ही दोघंही जाणती माणसं, माशीला टाळूच्या वळ्या नसतात हे दोघांनाही माहीत होतं.

नियम आमचाच होता. मुळात जे असेल ते जसंच्या तसं उतरवा. मी उतरवलं होतं, कुणाला जमलं नाही इतकं हुबेहूब. आपलेच दात, आपलेच ओठ, बोल कुणाला लावायचा?

अर्ध्या कामावरून उठून घरी आले. पक्कड घेतली आणि टेबलाशी वाकले. उपटून, ठेचून, जाळून टाकणार होते. पण पोटावर तो नव्हता. शेपटीवर नाही, पाठीवर नाही. मी बंद केलेल्या सांध्यावर बोट फिरवलं. माझा सांधा काचेसारखा होता. हा उघडून पुन्हा भरलेला होता, आतल्या बाजूने, आणि घासलेला होता जरा मऊ हाताने.

शेजारी हे खुर्चीत झोपले होते, कवळी वाटीत. मी त्यांच्याकडे बघत राहिले. छाती वरखाली होत होती. घोरणं मात्र ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटलं, चला, आज जरा शांतता.

५

त्या आठवड्यात नणंद आली. ती बसते कमी, तपासते जास्त.

"वहिनी, दादा वाळलाय का गं?" ती म्हणाली. "शर्ट बघ कसा लोंबतोय खांद्यावरून."

"तुझ्या वहिनीला विचार, धुण्यात शर्ट वाढवते ती," हे म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसले. हसता हसता वरची कवळी सुटली आणि चहाच्या कपात पडली.

नणंद हसून लोटपोट झाली. हेही हसले, बोळक्या तोंडाने. मी नाही हसले. मी केलेली कवळी पडत नाही. गर्व नाही, धंदा आहे माझा.

याही गोष्टीला कारण होतं. वयाबरोबर हिरड्या आक्रसतात, सगळ्यांच्याच. पण त्याला वर्षं लागतात, आणि त्या वेड्यावाकड्या आक्रसतात, इथे जास्त, तिथे कमी. नणंद गेल्यावर मी म्हटलं, "चला लॅबमध्ये, कवळी नीट करून देते." हे निमूट आले. निमूट! एरवी लॅबच्या खुर्चीत बसायचं म्हटलं की ह्यांना शेजारणीची मांजरसुद्धा आजारी वाटायला लागते.

आमच्या लॅबच्या मागच्या भिंतीला फळ्या आहेत आणि फळ्यांवर गावभरच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले आहेत. ह्यांचा जुना साचा तिथेच होता, कवळी केली तेव्हाचा. तो कधी घरी आलाच नव्हता. मी ह्यांच्या तोंडाचा नवा ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं, वाळू दिलं, आणि दोन्ही साचे खिडकीपाशी आणले.

पर्समधली मापपट्टी काढलीच नाही. माप घरच्या पट्टीने घेतलं आणि पट्टीच आक्रसलेली असली तर? कवळी घेतली आणि जुन्या साच्यावर ठेवली. टक्. बसली. हा आवाज मी हजारो वेळा ऐकलाय. मग तीच कवळी नव्या साच्यावर ठेवली. आवाज झाला नाही. ती डुगडुगली. वेडीवाकडी नाही, चारी बाजूंनी सारखी. जुन्या साच्यावर उजवीकडे हिरडीला एक टोकदार उंचवटा होता, लहानपणी जिन्यावरून पडल्याचा. नव्यावरही तो होता, त्याच जागी. फक्त त्याची कड मऊ झाली होती.

पलीकडे खुर्चीत तो तोंड पुसत बसला होता. मी त्याच्याकडे पाठ करून दोन्ही साचे पदरात गुंडाळले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्यावर कुणीतरी सायकलची हवा भरत होतं.

ह्यांच्या जागी हा आला त्या वेळी कवळी वाटीत होती, म्हणून ती तेवढी अस्सल राहिली.

६

घरी आल्यावर त्याला पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला, आणि समोर दोन्ही साचे मांडले. काय सांगायचं, कसं सांगायचं, काही ठरत नव्हतं. त्याने कप तोंडाला लावला.

मागच्या खोलीत कुणीतरी शिंकलं.

आमचे हे शिंकायचे ते साऱ्या गल्लीला कळवून. दोन शिंका सणसणीत आणि तिसरी घशात अडकलेली, आणि मग "हुश्श". आता आली ती तशीच होती. दोन, अर्धी, हुश्श. फक्त लांबून, भांड्यात तोंड घालून दिल्यासारखी. माझ्यासमोर बसलेला माणूस चहाचा घोट गिळत होता.

त्यानेही ऐकलं. कप खाली ठेवला.

"कॅप्टन," तो म्हणाला, "हा माझा आवाज आहे."

"ह्यांचा आहे," मी म्हटलं. "तू कोण?" लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या चेहऱ्याला अहो म्हटलं नाही.

मी सगळं सांगितलं. झाकण, किल्ली, फोटो, कवळी. दोन्ही साच्यांवर कवळी बसवून दाखवली, एकदा टक् आणि एकदा काही नाही. त्याने नव्या साच्यावरून अंगठा फिरवला. मग स्वतःच्या गालावरून.

"मला तर सगळं आठवतंय," तो म्हणाला. "तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस तेव्हा आईच्या कवळीकडे बघून म्हणालीस, कोणी केली ही, त्याला फटके दिले पाहिजेत. जिन्यावरून पडलो ते आठवतंय. मग मी कोण?"

"ते मला नाही माहीत. पण माझा माणूस त्या जहाजात शिंकतोय."

"आणि तो बाहेर आला तर माझं काय?"

खोटं सांगता आलं असतं. "ते तेव्हा बघू," मी म्हटलं.

त्याने कवळी उचलून पुन्हा एकदा नव्या साच्यावर ठेवून पाहिली. मला त्याची कीव आली, आणि कीव आली याचा राग आला. मग त्याने लॅबमधल्या फळ्यांचा विषय काढला, अगदी हळू आवाजात. "तिथे तुझाही साचा आहे ना? शिकत असताना स्वतःच्या दातांचा केलेला. तुझं तू मोजलंस?"

मोजलं नव्हतं. लॅबमध्ये असताना माझी नजर त्या फळीकडे दोनदा गेली होती आणि दोनदा मी ती वळवली होती.

"नाही मोजलं आणि मोजणार नाही," मी म्हटलं. "मापात पुरी निघाले तरी तेच करणार आहे, लहान निघाले तरी तेच. मग कशाला मोजू?"

७

दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. मी पडदे सारले नाहीत, दार लावलं नाही. हे माझं घर आहे, इथे मी अंधारात काही करणार नाही.

कासविणीला उताणी करायची तर दोघं लागतात. मी एकटीच जोर लावत होते. तेवढ्यात तो आत आला आणि काही न बोलता त्याने दुसरं टोक उचललं. आम्ही तिला उलटी केली. तिच्या अंगावरचे भाग खडखडले. मी सोनारकामाची बारीक करवत घेतली. या पोटावर माझी वर्षं गेली होती. क्षणभर जीव अडखळला, नाही असं नाही. मग सांध्यावर करवत टेकवली.

माझी कापायची एक खोड आहे. दोन लांब ओढी, एक आखूड, मग फुंकर मारून भुसा उडवायचा. कुणी शिकवलेली नाही, हाताला आपोआप लागलेली. यान हलायला लागलं आणि करवत वाकडी जायला लागली.

"मी धरतो," तो म्हणाला. "तू काप."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि काय उघडायला आपण मदत करतोय हे त्याला पुरतं कळत होतं. आमच्या ह्यांनीही हेच केलं असतं, अगदी हेच.

"अहो, घट्ट धरा," मी म्हटलं.

बोटभर फट झाली तेव्हा मी डोळा लावला. आत मी जोडलेल्या दिव्यांच्या तारा असायला हव्या होत्या. आत दुपार होती. एक खिडकी, तिच्यातून आलेलं ऊन, लांब टेबलाची कड. आरामखुर्चीचा एक हात. आणि त्याच्या वर, अगदी जवळ, एक बोळकं तोंड, हसावं की ओरडावं ते न ठरलेलं. उजव्या हिरडीवरचा उंचवटा टोकदार होता. ओठ हलले. आवाज आला नाही, पण मला ज्या नावाने जगात एकच माणूस हाक मारतो त्या नावाचा आकार मी ओळखला.

मग फटीवरून काहीतरी सरकलं. गुलाबी. ओलसर. एकामागून एक वळ्या, संथ, आणि त्या वळ्या संपेनात. चिंचोक्याएवढा होता तो, मी स्वतःच्या हाताने कोरलेला. मी डोळा काढला नाही. घाबरले होते, पण डोळा काढला नाही. "बघून घे," मी त्या फटीत म्हटलं. "तुला बनवणारी मी आहे. तुझ्या कडा कशा मोडायच्या तेही मला माहीत आहे."

ते सरकून गेलं. मी पुन्हा करवत चालवली. दोन लांब, एक आखूड, फुंकर. दोन लांब, एक आखूड, फुंकर. फट वीतभर झाली.

मग मी दम घ्यायला थांबले, आणि करवतीचा आवाज थांबला नाही.

तो आतून येत होता. त्याच सांध्यावर, माझ्या फटीच्या पुढच्या टोकाकडून, कुणीतरी माझ्या दिशेने कापत येत होतं. दोन लांब ओढी. एक आखूड. मग आतून फुंकर आली आणि फटीतला बारीक भुसा उडून माझ्या तोंडावर बसला.

समोरच्याने यान धरलेलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांवरून मला कळलं की त्यालाही समजलंय. त्या आतल्या खोलीत ह्यांच्यासोबत आणखी कोणीतरी आहे. जिला लॅबमधल्या त्या फळीवरचा साचा नेमका बसेल अशी. आणि मी इथे आहे, बहुधा केसभर लहान.

तो म्हणाला, "आता? थांबायचं?"

मी कान देऊन ऐकत राहिले. आतली करवत एका जागी अडली, घासली, आणि अडल्यावर मी देते तसाच तिरका झटका देऊन सुटली. दमली असणार. तरी थांबत नव्हती. तिला बाहेर काय आहे माहीत नव्हतं, आपल्या खुर्चीत, आपल्या घरात कोण बसलंय याची तिला कल्पनाही असेल किंवा नसेल, पण थांबायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. मला हसूच आलं. नकला काढणारा तो कच्चा कारागीर कच्चाच. माप चुकलं, कडा चुकल्या, पण हट्ट मात्र त्याला आक्रसवता आला नव्हता. तेवढा माझ्यात पुरा उतरला होता.

ती बाहेर आल्यावर या घरात दोघींना जागा असेल का, मला माहीत नाही. कुणी कुणाला काय म्हणायचं, हेही नाही. माझं काय व्हायचं ते होईल. पण माझा माणूस आत आहे, आणि तिचाही तोच.

"थांबायचं कशाला?" मी म्हटलं. "तिने एकटीनेच का कापायचं?"

तोंडावरचा भुसा पुसला, करवत फटीत घातली, आणि तिच्या दिशेने कापायला लागले.